माईक कोणाच्या गळ्यात?

माझं आजोळ निडी. नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं स्टेशन. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, म्हणजे आम्ही तिच्या उंबरठ्याच्या एक स्टेशन अलीकडे राहिलो. दिवा-रोहा गाडी इथे थांबते. मांडवी, मत्स्यगंधा वगैरे बड्या गाड्या आमच्या वाट्याला आल्या आहेत त्या फक्त ऐकण्यापुरत्या. तरी गावाने त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. "मांडवी गेली, अजून भात नाही टाकलास?" असं इथे विचारतात आणि सुनेला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

अशा गावात कान गेले की माणसाचं घड्याळच बंद पडायचं. पण निडीपासून पेणपर्यंत घरोघर चौकशी करा, बहिरं कुणीच सापडणार नाही. डोळ्यांना कमी दिसतं हे लोक चारचौघांत सांगतात, गुडघ्यांचं तर न विचारता सांगतात. ऐकू कमी येतं असं मात्र कुणी म्हणत नाही. ज्येष्ठांच्या मते साथ वेगळीच आली आहे: हल्लीच्या माणसांना तोंड उघडून बोलता येत नाही.

आमचे मामा या पंथाचे. उमेदीची वर्षं धाटावच्या एमआयडीसीत एका कंप्रेसरशेजारी गेली. कंप्रेसर निवृत्त झाला, मागोमाग मामा झाले. पुढे घरात जे सुरू झालं ते ज्या घरात असे मामा आहेत त्या प्रत्येक घरात चालतं. मामी हळू बोलली की "काय?" जरा मोठ्याने बोलली की पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा आवाज चढवला की "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवाजाच्या मध्ये कुठे तरी मामांना सोसेल असा एक आवाज असतो, पण तो सापडण्याआधी मामीचा संयम संपतो.

यात मामांचा आडमुठेपणा अर्धाच. बाकीचा अर्धा शास्त्रीय आहे. आतल्या कानात केसांसारख्या टोकांच्या बारीक पेशी असतात. वयाने किंवा कंप्रेसरने त्या मेल्या की परत येत नाहीत. मग हळू आवाज पोहोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच टोचतो. शिवाय आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. आ, ई, ओ हे स्वर दणकट असतात, ते टिकतात. स, ख, फ, थ अशी नाजूक व्यंजनं गळून पडतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. आमच्या भागात खाडी, गाडी, साडी आणि वाडी या चारही गोष्टी रोजच्या बोलण्यातल्या. मामांना चौघींचं फक्त "आडी" ऐकू येतं, पहिलं अक्षर त्यांनी आपल्या मनाने लावायचं.

"लग्नाला साडी घ्यायला हवी," मामी म्हणते.

"घ्यायची कशाला? रिक्षा सांगू," मामा म्हणतात. "स्टेशनपर्यंतच तर जायचंय."

हे दिवसभर करायचं म्हणजे डोक्याला काम असतं. अंदाजाने वाक्यं जोडून जोडून माणूस संध्याकाळी थकतो, आणि थकला की दोन मार्ग उरतात. एक, सगळ्याला "हो" म्हणायचं. दुसरा, स्वतःच बोलत राहायचं, म्हणजे ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. मामांनी दुसरा निवडला. लोक म्हणायला लागले, मामा निवृत्तीनंतर बोलके झाले.

शेवटी मुलाने त्यांना पनवेलला नेलं, ऑडिओग्रॅम काढला आणि कानाचं मशीन आलं. पहिल्या दिवशी मामा हरखले. पंखा ऐकू आला. स्वतःच्या चपला ऐकू आल्या. जेवताना पेणचा पापड मोडला तर कानात लवंगी माळ पेटल्यासारखं झालं. मग मशीनचे चोचले सुरू झाले. त्याची वाटाण्याच्या डाळीएवढी बॅटरी हवेवर चालते. पाठीवरचा स्टिकर सोलला की ती सुरू, मग तुम्ही मशीन लावा नाही तर लावू नका. पावसाळ्यात रात्री मशीन सुकवणीच्या डबीत ठेवायचं, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने माचिसची काडीही पेटत नाही. मामा ही सेवा न कंटाळता करू लागले. मामी म्हणाली, एवढं मी सांगितलेलं ऐकलं असतं तर मशीन लागलंच नसतं.

पण महिनाभरात तक्रार परत आली. घरात दोघंच असली की झकास. लग्नाच्या कार्यालयात, देवळात, गणपतीच्या आरतीला सगळा बट्ट्याबोळ. मशीन लावून रोह्याच्या एका लग्नाला गेलेले मामा बेंजो सुरू होताच मशीन खिशात घालून बसले. वधूपित्याने विचारपूस केली तेव्हा त्यांनी "हो, हो, जेवलो" असं उत्तर दिलं. अजून अक्षता पडायच्या होत्या.

दोष मशीनचा नाही, अंतराचा आहे. मशीनचा माईक मामांच्या कानामागे आणि बोलणारा चार-पाच मीटरवर. आवाजाचा हिशेब कडक असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. बंद हॉलमध्ये भिंती आणि पत्रे त्यावर आपापले प्रतिध्वनी टाकतात. दीड-दोन मीटरपर्यंत मशीन राजा, त्यापुढे हमाल. समोरच्याचं बोलणं, शेजारची वाटी-चमचे, मागच्या रांगेतलं पोर आणि डोक्यावरचा पंखा, सगळं ते सारख्याच निष्ठेने उचलून कानात आणून टाकतं. आधुनिक मशीन गोंगाट थोडा वेगळा काढतात, पण पाच माणसं बोलत असताना त्यांतलं मामांना हवं असलेलं कोणतं, हे मशीनला कळत नाही. मामीलाही कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मशीनचा एक कान काढून बोलणाऱ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा. बोलणाऱ्याच्या छातीवर, ओठांपासून वीतभर खाली, लहानसा माईक अडकवायचा. तो शब्द गरम असतानाच पकडतो आणि रेडिओ लहरींवरून थेट मशीनमध्ये टाकतो. मधले पाच मीटर, भिंती, पत्रे आणि बेंजो यांना शब्दाला हात लावायची संधीच मिळत नाही. मशीन आवाज मोठा करतं, माईक अंतर कापतो. एकाचं काम दुसरा करू शकत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

बिनतारी लहरींना भिंतींचं कौतुक नसतं हे आपल्या देशाला जुनंच ठाऊक आहे. जगदीशचंद्र बसूंनी 1895 मध्ये कोलकात्यात भिंतींपलीकडून घंटा वाजवून दाखवली होती. कानाशी मात्र आधी वेगळीच युक्ती जमली. टेलिफोनच्या रिसीव्हरमधून सांडणारं चुंबकीय क्षेत्र पकडायला मशीनमध्ये तारेचं छोटं वेटोळं बसवलं गेलं. तेच वेटोळं वापरून सभागृहाभोवती तार फिरवायची आणि वक्त्याचा आवाज त्या तारेतून सोडायचा, अशी सोय निघाली. मशीनचं बटण "टी"वर टाकलं की भाषण थेट कानात. लंडनच्या काळ्या टॅक्सीतसुद्धा ही तार असते, म्हणजे तिथला टॅक्सीवाला म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी मान न वळवता भांडू शकतो. मग शाळांतून एफएम आलं, मास्तरांच्या गळ्यात माईक आणि मुलांच्या कानात मास्तर. आता डिजिटल माईक, टीव्हीला जोडायची डबी आणि ब्लूटूथ.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं. कानाच्या मशीनचा धंदाही डेन्मार्कमध्येच फोफावला. ओडेन्सेच्या हान्स डेमांट यांनी आपल्या कमी ऐकू येणाऱ्या बायकोसाठी परदेशी यंत्र मिळवलं आणि त्यातून 1904 मध्ये पुढच्या ओटिकॉन कंपनीचा पाया घातला गेला. ही गोष्ट मी मामीला कौतुकाने सांगितली. ती म्हणाली, "बायकोला आपलं ऐकू यावं म्हणून त्याने खर्च केला, बरोबर? बायकोचं आपल्याला ऐकू यावं म्हणून नाही ना?" डॅनिश इतिहासाकडे या बाजूने पाहणारी मामी पहिलीच असावी.

तर मामांसाठी माईक आला. बोटाएवढा, काळा, वर हिरवा दिवा. प्रश्न एकच उरला, तो कोणाच्या गळ्यात? तोवर घरातल्या प्रत्येकाला मामांना ऐकू यावं असं मनापासून वाटत होतं. माईक समोर आल्यावर प्रत्येकाला आठवलं की आपल्याला तसं विशेष काही बोलायचं नसतं. मामी म्हणाली, मंगळसूत्राशेजारी आणखी हे लोढणं नको. सून म्हणाली, भाकरी थापताना पीठ जाईल. नातवाने लावला, पण त्याने त्यात शिट्टी मारली आणि मामा पडवीत उभेच्या उभे उडाले.

अखेर मामीने लावला. दुपारी मामा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते, मामी परसात शेजारणीशी बोलत होती. माईक पदराखाली, हिरवा दिवा चालू. शेजारीण हळू आवाजात काही विचारत होती आणि मामी त्याहून हळू आवाजात सविस्तर उत्तर देत होती. विषय मामांची धाकटी बहीण, तिचा स्वभाव, आणि तो स्वभाव त्यांच्या घराण्यात कुणाकडून आला, हा. पंधरा मीटरवरून मामांचा आवाज आला, "आईकडून नाही, आत्याकडून."

त्या दिवशी मामीने माईकवरचं म्यूटचं बटण शोधून काढलं. पुस्तिका कुणी वाचली नव्हती, गरजेने शिकवलं. तेव्हा घराला आणखी एक गोष्ट उमगली. मामांना ऐकू न येण्यावर किती जणांचा संसार बेतलेला होता! त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलण्याची सोय होती. औषधाची खरी किंमत, नातवाचे खरे मार्क, जावयाचं खरं काम, सगळं त्यांच्या समोर बसूनच ठरायचं. ती सोय गेली. मामांना ऐकू आलं तेव्हा बाकीच्यांना कुजबुजायला शिकावं लागलं.

टीव्हीची डबी आली तेव्हा उलटा घोळ. मालिकेचा आवाज आता थेट मामांच्या कानात येऊ लागला, त्यांच्या पट्टीत. त्यांनी उदार मनाने टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. घरातले बाकीचे मुक्या मालिकेसमोर बसले आणि मधूनमधून मामांना विचारू लागले, "काय म्हणाली ती?"

"तोंडात पुटपुटते," मामा म्हणायचे. "मला ऐकू येतं, तुम्हाला नसेल येत."

पण माईकचा खरा पराक्रम घराबाहेर झाला. सप्त्याच्या कीर्तनाला मामांनी माईक बुवांच्या गळ्यात घातला. हारांत हार, कुणाच्या लक्षातही आला नाही. सभामंडपाच्या पत्र्याला आपटून कर्णा जो गदारोळ करत होता त्याच्या तळातून मामांनी पहिल्यांदा पूर्वरंगातला शब्द न् शब्द ऐकला. शेवटच्या रांगेत बसून डोळे पुसले. कीर्तन संपलं, आरती झाली, बुवा हार काढायचे ते तसेच मागच्या खोलीत गेले. तिथे चहा पिता पिता त्यांनी पेटीवाल्याच्या सुरांबद्दल, चहातल्या साखरेबद्दल आणि बिदागीच्या पाकिटाच्या जाडीबद्दल जे निरूपण केलं, तेही शब्द न् शब्द मामांना ऐकू आलं. मामांचं मत असं की उत्तररंग जास्त रंगला. दुसऱ्या दिवशी पाकीट जाड झालं आणि चहात साखर वाढली. बुवांना हा नामाचा महिमा वाटला.

मग गावकीची बैठक. पालखी कुठल्या आळीतून आधी न्यायची, हा विषय. आमच्या बैठकीची रीत अशी की बोलायचं असेल त्याने बोलायला लागायचं, आधी कुणी बोलत असेल तर आवाज त्याच्यापेक्षा चढा लावायचा. चार जण बोलतात, दोघे भांडतात, बाकीचे मानेने कौल देतात. मामांनी माईक सतरंजीच्या मधोमध आडवा ठेवला. गळ्यात असला की तो एकाचंच ऐकतो, आडवा ठेवला की चारी बाजूंचं. हिरवा दिवा लागला.

"हे काय?" कुणी तरी विचारलं.

"आता सगळं नीट ऐकू येईल," मामा म्हणाले.

"कुणाला?"

"ज्याला ऐकायचंय त्याला."

मामांनी हे सरळ मनाने सांगितलं होतं. पण बैठकीत शांतता पसरली. रेकॉर्डिंग चालू आहे, हे दर मिनिटाला एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. मघापासून मांडी ठोकत असलेला गृहस्थ घसा खाकरून म्हणाला, "माझं वैयक्तिक असं काही म्हणणं नाही." दुसऱ्याने माईक स्वतःकडे ओढून, आपलं नाव सांगून, मुद्दे एक-दोन-तीन असे मांडले. त्याचं संपेपर्यंत तिसरा थांबला. हे आमच्या गावकीत पूर्वी झाल्याचं कुणाला आठवत नाही. खजिनदाराने न मागता जमाखर्च वाचला, पावत्यांसकट. जुने वाद कुणी काढले नाहीत, कारण ते काढताना वापरायचे शब्द हिरव्या दिव्यासमोर बोलण्यासारखे नव्हते. दोन आळ्यांनी वर्षाआड पाळी लावून घेतली आणि बैठक चहा यायच्या आत संपली.

उठता उठता कोपऱ्यातले एक म्हातारे, ज्यांना काहीही कमी ऐकू येत नाही, मामांना म्हणाले, "इतकी वर्षं येतोय. बैठक कशावर असते ते आज कळलं."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. कमी ऐकू येण्यात कानाचा वाटा निम्मा, उरलेला निम्मा बोलणाऱ्यांचा. आपण पाठ फिरवून बोलतो, दुसऱ्या खोलीतून बोलतो, एकमेकांवर बोलतो, आणि समोरच्याला कळलं नाही की त्याच्या कानांना बोल लावतो. कानाचं मशीन कानाला दुरुस्त करू पाहतं. माईक बोलणाऱ्याला दुरुस्त करतो, आणि त्याचा फायदा मशीन न लावणाऱ्यांनाही होतो. म्हणूनच माईक गळ्यात घालून घ्यायला कुणी तयार नसतं.

आणि हा काही एकट्या मामांचा प्रश्न नाही. 2050 पर्यंत जगात दर चार माणसांमागे एकाला थोडंफार तरी कमी ऐकू येईल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अंदाज आहे. म्हणजे चौघे चहाला बसले की एक "काय?" नक्की. सरकारने आपल्या परीने हात पुढे केला आहे. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात आणि त्या साधनांच्या यादीत श्रवणयंत्र आहे. एवढ्या पैशात सरकार कानापर्यंत येऊन पोहोचतं, तिथून समोरच्याच्या तोंडापर्यंतचं अंतर आपण कापायचं. माईकला बरेच हजार पडतात. तोवर ज्याच्याकडे योग्य फोन आणि इअरबड आहेत त्याला फोनचाच माईक करून बोलणाऱ्यासमोर ठेवता येतो. ही सोय पुष्कळांच्या खिशात वर्षानुवर्षं न वापरता पडून आहे.

तपासणी आणि सल्ला हवा असेल तर वांद्र्याला रेक्लमेशनजवळ 1983 पासून ऐकण्याबोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. त्यांच्याच नावाचा एक रस्ता वांद्रे पूर्वेला आहे. तिथले हॉर्न ऐकले की संस्थेला पेशंट कमी पडणार नाहीत याची खात्री पटते.

पुढे तर आणखी सोय होणार आहे. ऑराकास्ट नावाचं ब्लूटूथचं नवं रूप 2022 मध्ये जाहीर झालं. त्यात एका ठिकाणाहून सोडलेला आवाज आसपासच्या कितीही मशीनना आणि इअरबडना एकाच वेळी घेता येतो. देवळात कीर्तन, सभागृहात नाटक, फलाटावर घोषणा, सगळं थेट कानात. निडीला ही सोय आली तर "फलाटापासून दूर उभे राहा, एक्स्प्रेस जाणार आहे" ही आपल्यासाठी न थांबणाऱ्या गाडीची बातमी आम्हाला अगदी स्वच्छ, स्टिरिओत मिळेल.

गावकीच्या पुढच्या बैठकीला मामांना ताप होता. सकाळीच दोघे जण दारात हजर. मामांच्या तब्येतीची चौकशी झाली, मग खरं काम निघालं. "मामा, तुम्ही आराम करा. यंत्र तेवढं पाठवा. त्याच्याशिवाय मिटिंग आवरत नाही."

"न्या की," मामा म्हणाले. "देऊळ इथून हाकेच्या अंतरावर. मी पडवीत पडल्या पडल्या ऐकीन."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माईक नेला नाही. बैठक जुन्या रीतीने झाली, रात्री उशिरापर्यंत चालली, आणि ती मामांना पडवीत मशीनशिवाय ऐकू आली.